दाजींच्या खाकरण्याविषयी

आदरणीय दाजींना ('आदरणीय' ताईला भिऊन लिहिलं आहे) धाकट्या मेहुण्याचा लांबूनच नमस्कार.

तुमची प्रकृती ठणठणीत असल्याचं ताईने फोनवर सांगितलं. ऐकून फार वाईट वाटलं. का, ते पुढे येईलच. इकडे पक्षी-केंद्रात सगळे खुशाल आहेत, एक म्हातारी सोडून. तुम्ही पक्षीमित्र संघटनेचे अध्यक्ष होऊन शहरात गेलात तेव्हापासून तिने खाणं जवळजवळ सोडलं आहे. पशुवैद्यबाई रोज तिला तपासतात आणि रोज मला झापतात, जणू तिच्या वाटचं धान्य मीच फस्त करतो.

असो. तुमच्या गौरव अंकासाठी 'सोबत केलेल्या कामाच्या हृद्य आठवणी' धाड, असा तुमचा हुकूम आला. सोबतचं मुखपृष्ठही पाहिलं. हनुवटीला हात लावलेले तुम्ही आणि खाली 'मौनाचा उपासक'. मी तेव्हा चहा पीत होतो. शर्ट अजून भिजत घातलेला आहे. तुमचं व्याख्यानही म्हणे मौनाच्या महत्त्वावरच असतं, आणि ते दोन-दोन तास आवरत नाही.

तर हृद्य आठवण. क्रौंचाची पिल्लं वाढवायची पद्धत केंद्राच्या मोठ्या मॅडमनी आपल्याला शिकवली होती. पिल्लाला माणूस दिसता कामा नये, त्याचा आवाज कानावर पडता कामा नये. नाहीतर ते माणसालाच आई समजतं आणि पुढे रानात टिकत नाही. म्हणून डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, हातात लाल कपाळाच्या क्रौंचाची बाहुली, तिच्या चोचीने भरवायचं आणि तोंडातून ब्र काढायचा नाही. तुमच्या घेराचा झगा मिळेना म्हणून ताईने घरातले पलंगपोस जोडले. (त्यांवर निळी फुलं होती. क्रौंचांत अशीही एक जात असते, अशी पिल्लांची समजूत झाली असणार.) एवढा जामानिमा करून तुम्ही आत गेलात, आणि पहिला घास भरवण्याआधी खाकरलात.

तुमचं ते खाकरणं! लग्नाची बोलणी करायला आमच्या घरी आलात तेव्हाही तुम्ही असे खाकरला होतात, की आमचे बाबा कान टवकारून पुढे सरकले आणि तुम्ही म्हणालात, पंखा जरा वाढवता का. दार उघडण्याआधी, पेपर उलगडण्याआधी, घास घेण्याआधी तुम्ही खाकरणारच. मॅडमनी समज दिली, तर तुम्ही उलटा कायदा शिकवलात: खाकरणं म्हणजे बोलणं नव्हे. मॅडमनी कपाळाला हात लावला. पिल्लं मात्र हुशार. दाजी खाकरले की जेवण, एवढं त्यांनी पक्कं केलं. आम्ही बाकीचे झग्यात घामाघूम होऊन बाहुली नाचवायचो, आणि ती आमच्याकडे 'हा वाढपी खाकरत का नाही' अशा नजरेने बघत बसायची.

मग त्यांना मोकळं सोडायचा दिवस आला. तळ्याकाठी मंडप, खुर्च्या, प्रमुख पाहुणे. दार उघडलं आणि थवा उडाला, तळं ओलांडून पार ठिपक्याएवढा झाला. मोठ्या मॅडम चक्क रडल्या. मीही रडलो. तेवढ्यात तुम्हाला आभार मानायला बोलावलं, आणि तुम्ही माइकसमोर उभे राहून खाकरलात. कर्ण्यातून तो आवाज तळ्यापार गेला. ठिपके वळले! बघता बघता अख्खा थवा मंचावर. एकाने प्रमुख पाहुण्यांच्या हातातलं लाल पेन बाहुली समजून ओढलं आणि पाहुणे खुर्चीसकट आडवे झाले. आमच्या मेहनतीची माती झाली, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'पक्ष्यांनी मानले पक्षीमित्राचे आभार'. तिथून तुमची व्याख्यानं सुरू झाली. पुढे ताईने तुम्हाला घरात डांबून ठेवलं, तेव्हा कुठे ते पक्षी तुम्हाला विसरले आणि रानातल्या थव्यात मिसळले. ही गोष्ट तुमच्या कुठल्याच व्याख्यानात येत नाही, असं ऐकतो.

राहिली एकटी म्हातारी. (जन्मतःच डोक्यावर एकही पीस नव्हतं, म्हणून हे नाव तुम्हीच ठेवलंत. स्वतःच्या डोक्यावरून सुचलं असेल.) तिचा पंख जन्माचा वाकडा, त्यामुळे ती त्या दिवशीही उडाली नव्हती. तिला कुठे रानात जायचं नव्हतं, तरी तुम्ही इतकी वर्षं रोज सकाळी तो निळ्या फुलांचा झगा अंगावर घेऊन तिच्यासमोर खाकरत आलात. कुणी सांगितलं नव्हतं. हे अंकात छापू नका, उगाच चढून बसाल.

ताईला नमस्कार. भाचेमंडळींना सांगा, मामा अजून जिवंत आहे.

तुमचा,
मौनाची उपासना न जमलेला मेहुणा

ता. क. तुमच्या व्याख्यानाचं रेकॉर्डिंग आम्ही म्हातारीला ऐकवलं. तिने पाठ फिरवली. (रसिक आहे.) अख्ख्या भाषणात तुम्ही एकदाही खाकरला नाहीत! ताईला विचारलं तर म्हणते, लोकांपुढे बरं दिसत नाही म्हणून औषध चालू केलंय, घसा अगदी स्वच्छ झालाय. अध्यक्षमहाशय, ते औषध आधी गटारात ओता. गार पाणी प्या, पंख्याखाली झोपा आणि या. सत्कार पुढे ढकलता येईल. पशुवैद्यबाई म्हणतात, असंच चाललं तर ती फार दिवस काढणार नाही.

आणखी एक ता. क. आम्ही सगळ्यांनी तिच्यासमोर खाकरून पाहिलं. मोठ्या मॅडमनीसुद्धा. कुणाला दाद नाही. काल मी तुमचा झगा घालून, अगदी तुमच्यासारखा खाकरलो. ती लगबगीने पुढे आली, मान वाकडी करून माझ्या मागे कुणी आहे का ते पाहिलं, आणि परत फिरली. मला तिचा राग आला नाही. मीही मागे वळून पाहिलं होतं.