सोनूच्या गालातला घास

वारजे, पुणे
५ सप्टेंबर १९९९

ती. सौ. आईंना,
सा. न. वि. वि.

ती. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून जीव भांड्यात पडला. त्यांनी चष्मा मिळेपर्यंत पेपर वाचू नये, असं अभिनवने बजावायला सांगितलं आहे. ते ऐकणार नाहीत हेही त्याला ठाऊक आहे.

पत्राचं खरं कारण सोनू. सव्वादोन वर्षांची झाली, पण घास गिळत नाही. तोंडात घेते, गालात ढकलते आणि तशीच बसून राहते. थुंकत नाही, चावत नाही, रडतही नाही. परवा दुपारची झोप झाल्यावर ललिताबाईंनी तिचं तोंड पुसलं, तर गालात सकाळची पोळी निघाली. ललिताबाई म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरच्या. मी ऑफिसला गेले की सोनू त्यांच्याकडेच असते. त्या म्हणाल्या, नाक दाबावं म्हणजे आपोआप गिळतात. माझा तर धीर होत नाही.

सहा महिन्यांत वजन दोनशे ग्रॅमसुद्धा वाढलेलं नाही. अभिनव सातलाच चिंचवडला निघतो. माझी कंपनीची बस पावणेआठला येते. कॉम्प्युटरच्या दोन हजार सालच्या कामामुळे एकही दिवस उशीर चालत नाही. तेवढ्या पाऊण तासात हिचे चार घास होत नाहीत. तुम्ही दोन मुलं वाढवलीत. काही उपाय असेल तर कळवा.

लोभ आहेच, त्यातला थोडा सोनूच्या आईलाही असू द्या.
आपली,
नम्रता


वर्धा
१० सप्टेंबर १९९९

चि. सौ. नम्रतास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून काळजी वाटली आणि हसूही आलं. अभिनवही असाच होता. शाळेत जाईपर्यंत त्याचा एक गाल फुगलेलाच असायचा. तुझे सासरे म्हणत, पोरगा बँकेत लागेल, ठेव चांगली सांभाळतो.

पोट्टीला तुम्ही लोक सगळं मऊ करून भरवता, म्हणून ती चावायचं विसरली. तुझा दीर रंगनाथ सोमवारी पुण्याला येतो आहे, त्याच्याबरोबर भाजलेल्या दाण्यांचा डबा पाठवते. आख्खे दे, कूट करू नकोस. दाणा गालात मजेत राहत नाही, चावावाच लागतो. नाक दाबायचं मात्र मनातही आणू नकोस.

नोकरीबद्दल मी काही लिहीत नाही. लिहीत नाही याचा अर्थ तुला कळतोच.

गौरी-गणपतीला तुम्ही येत नाही, तेव्हा माझा राग आहे. पण तो टिकत नाही, हा माझा जुना दोष.
आई


वारजे, पुणे
३ ऑक्टोबर १९९९

ती. सौ. आईंना,
सा. न. वि. वि.

रंगनाथभाऊजी डबा देऊन गेले होते, ते कळवायचं राहिलं. आमच्याकडे धावपळ आहे. सोनूला खोकला झाला आहे. गेल्या महिन्यात सोळा तारखेला सुरू झाला, तो अजून थांबत नाही. अधूनमधून ताप येतो. डॉक्टरांनी दोनदा औषध बदललं. छातीत शिट्टीसारखा आवाज येतो, तोही उजव्याच बाजूला. बाळदमा असावा, असं म्हणाले आणि वाफेचं मशीन दिलं. एक्स-रेमध्ये विशेष काही दिसलं नाही. घशात काही अडकलं होतं का, असंही विचारलं. तसं काही झालेलं नाही. अभिनव होताच बरोबर.

खाणं तर आता संपल्यातच जमा आहे. दाणे बंद केले. डबा ललिताबाईंना देऊन टाकला, राग मानू नका.

वजन साडेनऊवरून नऊ किलोवर आलं. ऑफिसात कामात लक्ष लागत नाही. काल संध्याकाळी अभिनव म्हणाला, आईला बोलावून घेऊ का. तुम्हाला बाबांना सोडून येता येणार नाही, म्हणून मीच नको म्हटलं.

तुमच्या पत्राची वाट पाहते. रागाचं असलं तरी चालेल.
आपली,
नम्रता


वर्धा
९ ऑक्टोबर १९९९

चि. सौ. नम्रतास,
आशीर्वाद.

हे पत्र रंगनाथच्या हाती देते आहे. तो आज महाराष्ट्र एक्स्प्रेसने निघतो. फोन शेजारच्या दुकानात आहे आणि तिथे चार माणसं कान देऊन उभी असतात. हे तिथून बोलण्यासारखं नाही.

तुझं पत्र मी गल्लीतल्या नागोरावांना वाचून दाखवलं. तीस वर्षं त्यांनी सरकारी दवाखान्यात कंपाउंडर म्हणून काम केलं. त्यांनी एकच विचारलं, खोकला सुरू होण्याआधी पोरीने दाणा खाल्ला होता का. म्हणाले, एकाच बाजूला शिट्टी वाजते म्हणजे तिथे काहीतरी बसलेलं असू शकतं. आणि दाणा एक्स-रेमध्ये दिसत नाही.

मी घरी आले आणि तुझं पत्र पुन्हा वाचलं. डबा देऊन टाकलास हे लिहिलंस, का दिलास ते लिहिलं नाहीस.

आता माझं ऐक. अभिनव दोन वर्षांचा असताना एके दिवशी मी त्याचं नाक दाबलं होतं. घरी पाहुणे यायचे होते आणि तो ताटावरून उठेना. त्याला ठसका लागला, ओठ काळेनिळे झाले, मग घास बाहेर पडला. मी सासूबाईंना सांगितलं, पाणी पिताना लागला. आज अठ्ठावीस वर्षं झाली, हे कोणालाच ठाऊक नाही. तुला नाक दाबू नकोस म्हणून लिहिलं, ते का लिहिलं हे सांगायची मात्र लाज वाटली. आणि वर दाणे पाठवले.

तुझ्या हातून काय झालं ते मला लिहू नकोस. मला ते नको आहे. डॉक्टरांना सांग. पत्र वाचून झालं की चपला घाल आणि जा. अभिनव समोर असला तरी सांग.

मी देवासमोर बसलेली नाही, पोस्टमनच्या वाटेवर बसले आहे.
तुझी आई


पुणे
१४ ऑक्टोबर १९९९

ती. सौ. आईंना,
सा. न. वि. वि.

पोस्टमनला फार वेळ बसवू नये म्हणून आधी तेच लिहिते. सोनू बरी आहे. मंगळवारी दुर्बीण घालून उजव्या फुप्फुसाच्या नळीतून अर्धा दाणा काढला. फुगून मऊ झाला होता. अजून आठवडा गेला असता तर फुप्फुसाचा तो भाग निकामी झाला असता, असं डॉक्टर म्हणाले. ताप उतरला आहे. उद्या घरी सोडतील.

तुम्ही लिहू नकोस म्हणालात, तरी लिहिते. सोळा तारखेला सकाळी तिच्या गालात पोळी आणि दोन दाणे होते. खाली बस हॉर्न वाजवत होती. मी नाक दाबलं. तिने श्वास ओढला, ठसका लागला, डोळे वर गेले. मी पाठीवर थापट्या मारल्या, पोळी बाहेर आली आणि ती रडायला लागली. रडली म्हणजे ठीक आहे, असं मी ठरवून टाकलं. तोंड पुसलं, ललिताबाईंकडे दिलं आणि बसमध्ये चढले. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा अभिनव शेजारी होता. तोंडातून नाही निघालं आणि मग ते परत घेता येईना.

रंगनाथभाऊजी रविवारी स्टेशनवरून थेट घरी आले. पत्र मी उभ्यानेच वाचलं आणि अभिनवच्या हातात दिलं. डॉक्टरांसमोर सगळं सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत, लगेच फोन लावायला लागले. अभिनव एवढंच म्हणाला, की डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी तिथेच उभा होतो. त्यानंतर चार दिवस तो सोनूशी बोलतो, नर्सशी बोलतो. माझ्याशी नाही.

तुमचा लोभ मी मागत नाही. तो मिळाला आहे, हे मला कळलं.
नम्रता


वर्धा
१८ ऑक्टोबर १९९९

चि. अभिनवास,
आशीर्वाद.

नम्रताचं पत्र आलं. तू बोलत नाहीस असं कळलं. अबोला तुझ्या बाबांकडून घेतलास, त्याबद्दल मी काही करू शकत नाही.

तिने चूक केली. आख्खे दाणे पाठवून मीही केली. तिने खोटं सांगितलं, मीही सांगितलं होतं. माझं काल तुझ्या बाबांना सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चहा मागितला.

तू सातला घरातून निघतोस. सोनू त्यानंतर जेवते. ते जेवण तू कधी पाहिलेलं नाहीस. आठवडाभर रजा घे आणि तिला तूच भरव. डॉक्टरांनी सांगितलंय तसं, लहान घास, बसवून, घाई न करता. मग हवा तेवढा रागाव. मी मध्ये पडणार नाही.

उत्तर नको, पोरीचं वजन कळव.
आई


वारजे, पुणे
२४ ऑक्टोबर १९९९

ती. सौ. आईंना,
सा. न. वि. वि.

वजन नऊ किलो दोनशे. अभिनवने स्वतः मोजून आणलं.

तुमचं पत्र वाचून त्याने घडी करून खिशात ठेवलं आणि बुधवारपासून रजा टाकली. पहिल्या दिवशी सोनूला भरवताना तो गाणी म्हणत होता. दुसऱ्या दिवशी म्हणाला नाही. खोकला गेला, पण गालात घास धरायचं गेलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल, घाई केलीत तर अजून धरून बसेल.

काल, चौथ्या दिवशी, मी सुट्टी असून मुद्दाम स्वयंपाकघरातच थांबले. बाहेर वरणभात चालला होता. तासभर झाला असेल. त्याचा आवाज चढला, मग एकदम सगळं शांत झालं. मी धावत बाहेर गेले. सोनू खुर्चीत गाल फुगवून बसली होती आणि अभिनव लांब, गॅलरीच्या दारात उभा होता. दोन्ही हात त्याने पाठीमागे धरले होते.

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाला, माझाही हात तिच्या नाकाकडे गेला होता.

तेरा दिवसांत माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. मी सोनूजवळ जमिनीवर बसले. थोड्या वेळाने तोही येऊन पलीकडे बसला. त्याने हात पुढे केला तेव्हा सोनूने गालातला भात बोटाने काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. तो हात तसाच धरून बसून राहिला. मग मला म्हणाला, तू हे रोज एकटीने करत होतीस.

दिवाळीला येतो आहोत. सोनू तुमच्यासमोरही तासभर बसेल, तयारीत असा.
आपली,
नम्रता