थांबलेला फरक

मुलुंड (पूर्व),
१४ ऑक्टोबर २०२५

चि. मुकुल यास बाबांचे अनेक आशीर्वाद.

पाकिटावर देवरूखच्या खानावळीचा पत्ता बघून दचकला असशील. तो मला कसा कळला ते सांगतोच. आधी घरची खुशाली. आईचं गुडघ्यांचं रडगाणं तसंच आहे. समोरच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट सुरू झालंय, दिवसभर नुसती धडधड. गंधाली दर रविवारी नाहूरहून येते आणि म्हाताऱ्या आईबापांनी कसं जगावं ते शिकवून जाते. तुझी ताईच ती, बदलणार थोडीच!

आता मुद्द्याचं. कॉम्प्युटरवरचा माझा घरहिशेबाचा प्रोग्रॅम तुला आठवत असेल. ‘बाबांचा सीसीटीव्ही’ म्हणायचास त्याला. तू घर सोडलंस आणि त्याच महिन्यापासून त्याने मला वात आणला. सगळी पासबुकं मांडून बेरीज करावी, तर प्रोग्रॅममधली एकूण शिल्लक त्याहून जास्त. बरं, फरक एकच राहिला असता तर सुरुवातीची शिल्लक चुकली असेल म्हणून दुरुस्त केली असती. हा रोज बदलायचा, कालच्यापेक्षा ऐंशी-नव्वद रुपयांनी कमी. उभा जन्म विमा कंपनीत हिशेब तपासण्यात गेला, पण चालताफिरता फरक कधी पाहिला नव्हता. नोंदी दुबार आल्यात का बघितलं, पुढच्या तारखा पडल्यात का बघितलं. शेवटी हेल्पलाइनला फोन लावला. नीलम नावाची मुलगी होती. माझा स्क्रीन तिकडून बघून म्हणाली, "काका, एक अकाउंट कोणीतरी हाइड केलंय ना. तुम्हाला दिसत नाही, पण टोटलमध्ये धरलं जातंय."

ते तुझं खातं होतं. नोकरी लागली तेव्हा तूच ओटीपी देऊन जोडलं होतंस. यादीत दिसेनासं झालं तेव्हा मला वाटलं, तूच परवानगी काढून घेतलीस. पण ती कोणी रद्दच केली नव्हती.

मी काही लपवलं नव्हतं. मग घरात राहिलं कोण? आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी केलं. गंधालीने दाखवलं कसं करायचं ते. तुम्ही रागाच्या भरात डिलीट करून टाकलं असतं ना!" आणि मी बाजारात गेलो की रोज उघडून बघायची. जिला प्रिंटर कुठून चालू होतो ठाऊक नाही, ती.

मग आम्ही दोघं मिळून बघायला लागलो. सकाळी चहा, दुपारी द्रौपदीबाईंची खानावळ. तिच्या नावापुढेच गाव लिहिलेलं यायचं. एकदा औषधाच्या दुकानात दोनशे दहा गेले, तेव्हा आईच्या घशाखाली घास उतरेना. पुढे वडेवाल्याकडे पंचवीस गेले, तर म्हणते, "उतरला ताप त्याचा." दसऱ्याला फुलवाल्याकडे पन्नास. "फुलं घेतली म्हणजे तोरण लावलं. तोरण लावलं म्हणजे दार आहे," हा तिचा हिशेब. मी त्यात चूक काढली नाही.

असं चोरून बघणं तुला आवडणार नाही. याच बघण्यापायी तू गेलास. तुझा पगार जमा होत नाहीये हे मला दिसलं, आणि मी ते भर जेवणात, ताईच्या सासरच्यांसमोर विचारलं. तू ताटावरून उठलास. त्याबद्दल मला काही लिहायचं होतं, पण जमत नाहीये.

मुकुल, दसऱ्यानंतर काहीच आलेलं नाही. चहा नाही, खानावळ नाही, रिचार्ज नाही. फरक एका आकड्यावर थांबलाय. मी नीलमवर उखडलो, म्हटलं प्रोग्रॅम बंद पडलाय तुमचा. ती बिचारी हळू आवाजात म्हणाली, "काका, सिस्टीम बरोबर आहे. त्या खात्यात काही झालंच नाहीये." आमचे नंबर तू केव्हाच ब्लॉक केलेस. ताईने ऑफिसातून लावून बघितला, तर फोन बंद.

रोख देत असशील, मोबाइल पडला असेल, नवं खातं उघडलं असशील, असं मी स्वतःला समजावतो. थोडा वेळ पटतं. आई आता नुसती खुर्चीमागे येऊन उभी राहते, आणि आकड्यांवर मला तिच्या चेहऱ्याची सावली दिसते. मला भीती वाटते रे. जन्मभर फरक मिटवत आलो, आणि आता देवापुढे हात जोडून मागतो की उद्याचा आकडा आजच्यासारखा नसू दे.

पत्र स्पीड पोस्टने टाकतोय. काही आलं नाही, तर दिवाळीसाठीही न थांबता मी तिकडे येणार. काही आलं, तर येणार नाही. न बोलावता तुझ्या दारात उभा राहणार नाही, हा शब्द.

हे बघणं बंद करायचं असेल, तर तुझ्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये ‘दिलेल्या परवानग्या’ असं काहीतरी असेल, तिथे जाऊन रद्द कर. मी रागावणार नाही. फक्त त्याआधी एकदा कुठेतरी चहा पी आणि पैसे फोनवरून दे. दहा रुपये पुरेत. मला काही कळवू नकोस, फरक तेवढा हलू दे.

लिहिण्यासारखं एवढंच होतं.

स्क्रीनसमोर बसलेला,
तुझा बाबा

ता. क. चहाने पोट भरत नाही. नीट जेव, आणि जेवणाचे दे.
— आई