पेटीचा तळ

३ सप्टेंबर १९९७
आज सकाळी पूजा आटोपून रोजच्यासारखं देवाचं एक फूल घेतलं. पिकअपच्या हौद्यात चढलो, हत्यारांची पेटी उघडली, तळाच्या पोत्याचा कोपरा उचलून फूल खाली सरकवलं, नमस्कार केला. मग हेब्बाळला गेलो, बोअरचा पंप वर काढायला. एकटाच. निम्मे पाइप वर आले आणि बघतो तर चौदा-पंधराचा रिंग पाना नाही. काल संध्याकाळी मीच पेटीत ठेवला होता.
जवळच्या गॅरेजमधून मागून आणला. पाठ धरली आहे.
हाताखालच्या परसूला कामावरून काढून तीन आठवडे झाले. मग पाना कोणी नेला?

४ सप्टेंबर
जेवताना बायकोनं, अंबूनं, विचारलं, "आता कुणाला काढणार?"
ताक पिऊन उठलो.

५ सप्टेंबर
पेटीची कडी हलते. कुलूप जुनं झालं आहे. कुणीही उघडेल. असंच असणार. नवी पेटी घ्यायची. आता घ्यायची ती माझ्यानंतरही टिकेल अशी.

९ सप्टेंबर
यशवंतपूरला गिरीराजच्या पत्र्याच्या दुकानात गेलो. त्यानं आधी चहा पाजला. मग म्हणाला, "अण्णा, गाडी अजून किती वर्षं चालवणार ते सांगा. मग मी पत्रा सांगतो."
म्हटलं, पाठ चालेल तोवर.
"मग साधा लोखंडी पत्रा पुरे," म्हणून दुकानातली माणसं हसवली. पण नंतर सगळं नीट समजावलं. लोखंडी पेटी रंग देऊन स्वस्तात होते, पण दर दोन वर्षांनी खरवडून पुन्हा रंगवावी लागते. स्टेनलेस चांगली, पण जड आणि महाग. खडबडीत नक्षीचा जाड अल्युमिनियम पत्रा घेतला तर पावसाची काळजी नाही, वर उभं राहिलं तरी वाकत नाही. झाकणाला सबंध लांबीची बिजागरी, कडेनं रबर. आणि तळाला चार कोपऱ्यांत बारीक भोकं.
भोकं कशाला, विचारलं.
"पाणी आत जाणारच, अण्णा. ते बाहेर जायला नको? स्वल्प वाट ठेवली की पेटी जगते."
निघताना सहज आठवल्यासारखं म्हणाला, "परसू परवा परत आला होता काम मागायला. मी नाही म्हटलं. तुम्हीच म्हणाला होतात ना."
मी काय म्हणालो होतो? गेल्या महिन्यात त्यानं विचारलं होतं, परसूला ठेवू का, माणूस कसा आहे. मी एवढंच म्हणालो – "तुमचं तुम्ही बघा." चोर हा शब्द मी काढला नव्हता.
काढायची गरज नव्हती.

१० सप्टेंबर
काम नाही. पाठ.

१४ सप्टेंबर
परसू अकरा वर्षं माझ्याबरोबर होता. त्याचं घराणं इथलंच, कित्येक पिढ्यांचं. घरात मराठी, बाहेर कन्नड. मी निपाणीकडच्या खेड्यातून सातवी शिकून आलेला. मला इथली भाषा त्यानंच शिकवली, 'सरी' म्हणजे 'ठीक आहे' इथपासून. पंप वर येताना तो दोर धरायचा आणि मी पाना. अकरा वर्षांत दोर एकदाही सुटला नाही.
सहा महिन्यांपासून हत्यारं जायला लागली. गोटी पाने, छिन्नी, लहान पक्कड. पेटीला हात लावणारे आम्ही दोघंच. १२ ऑगस्टला म्हटलं, "परसू, उद्यापासून येऊ नकोस."
तो वाद घालत बसला नाही. कामाचा शर्ट घडी करून सीटवर ठेवला. म्हणाला, "पेटी एकदा रिकामी करून बघा, अण्णा."
मला ते उर्मट वाटलं.

१५ सप्टेंबर
अल्युमिनियमचीच सांगितली. गिरीराज म्हणतो, जुनी पेटी सोडवून बोल्टांचं माप आणा. परवापासून पितृपक्ष, नवी वस्तू घरात आणायची नाही. म्हणजे नवरात्रात. सरी.

२२ सप्टेंबर
आज जुनी पेटी सोडवली.
आठ वर्षांत पहिल्यांदा. बोल्ट गंजून एकजीव झाले होते, करवतीनं कापावे लागले. सगळी हत्यारं अंगणात काढून ठेवली आणि पेटी उचलली. एक कोपरा हौद्यातच राहिला. फुलाचा कोपरा.
तळाला मूठ जाईल एवढं भोक. कडेचा पत्रा बोटानं चुरतो, पापडासारखा. वर पोतं होतं, फूल मी कड जरा उचलून नुसत्या हातानं सरकवायचो, म्हणून कधी दिसलं नाही. खाली हौद्याच्या दोन फळ्यांत बोटभर फट. त्या फटीत माझा बारा नंबरचा गोटी पाना अडकलेला. बाकीचे पोत्याच्या कडेनं घसरून हेब्बाळ ते सर्जापूर रोड, कुठल्या कुठल्या खड्ड्यात पडले असतील, देव जाणे.
मोठा चेन पाना कधीच गेला नाही. हातोडा गेला नाही. फक्त लहान लहान गेलं. चोर असता तर त्यानं मोठं आधी नेलं असतं. एवढं मला सुचलं नाही.
पोत्याखाली काळा चिखल होता. फुलांचा. रोजचं ओलं फूल, सोमवारी जुनी काढायची, पण पाकळ्या राहायच्याच. आणि दर खंडेनवमीला नारळ फोडून सगळं पाणी हत्यारांवर ओतायचो. हत्यारं दुसऱ्या दिवशी पुसायचो. पोतं कधी सबंध उचललं नाही. देवाला दिलेलं पाणी, ते काय उपसायचं!
लोकांना मी सांगत फिरतो – ओल राहिली की लोखंड गेलं.

२३ सप्टेंबर
अंबूला पेटी दाखवली. तिनं भोकातून हात घातला, बाहेर काढला, पदराला पुसला.

२४ सप्टेंबर
वडिलांची तिथी. पान वाढलं. वडील संध्याकाळी विळा धुऊन धोतराच्या सोग्यानं कोरडा करायचे, मगच आढ्याला खोचायचे. देवाला हात जोडायचे ते त्यानंतर. हा क्रम मी कधी उलटा केला?

२६ सप्टेंबर
परसूकडे जायला हवं. पितृपक्ष संपला की जातो. या दिवसांत चांगलं काम करू नये म्हणतात.
अंबू म्हणाली, "माफी मागायला कसला मुहूर्त? काढताना बघितला होतात का?"

२९ सप्टेंबर
गाडी यशवंतपूरपर्यंत नेली. परसूच्या गल्लीच्या तोंडाशी थांबलो. परत आलो.

२ ऑक्टोबर
घट बसले. आता कारण उरलं नाही.

५ ऑक्टोबर
गेलो. परसू घरात नव्हता. त्याची बायको कस्तुराबाई दारातच तांदूळ निवडत बसली होती. सूप बाजूला न ठेवता म्हणाली, "मार्केटात पोती उचलायला गेलेत. बसा."
पंचेचाळिशीचा माणूस, पोती उचलतो.
पायरीवर बसलो. भोकाचं सगळं सांगितलं, फुलांचंही. ती ऐकत खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "त्यांना ठाऊक होतं. एकदा हौद्याखाली शिरून बघितलं होतं त्यांनी. तुम्हाला सांगितलं तर म्हणालात, आधी पंप बघ."
मला आठवत नाही. पण मी तसं म्हणालो असेन. मी तसंच म्हणतो.
तेवढ्यात परसू आला. खांद्यावर पोत्याचा वळ. मी उठलो. म्हणालो, "परसू, चूक माझी."
"सरी, अण्णा," म्हणाला. चहा मागवला. पाठीचं विचारलं. कामाचं काही नाही.
निघताना कस्तुराबाई दारापर्यंत आली. "अण्णा, राग मानू नका. पायरीवर बोललात ते आपण तिघांनीच ऐकलं. गिरीराजच्या दुकानात बोललात ते यशवंतपूरनं ऐकलं. चार ठिकाणी विचारलं त्यांनी काम. चारही ठिकाणी तेच – तुमचं सयाजी अण्णांशी काय झालं?"

६ ऑक्टोबर
गिरीराजला बाजूला घेऊन सांगता येईल. पण ते पुन्हा पायरीवरचंच झालं.

७ ऑक्टोबर
नवी पेटी तयार आहे. बघून आलो. सुंदर झाली आहे. तळाला चार बारीक भोकं, कोपऱ्याकोपऱ्यात. बोट फिरवून बघितलं.
शुक्रवारी खंडेनवमी. गिरीराजच्या दुकानात पूजेला सगळे जमतात – वाइंडिंगवाले, वेल्डर, गाड्यांवाले. त्यानं मला बोलावलं आहे. परसूलाही बोलवा म्हटलं. बोलवतो म्हणाला.
जुनी पेटी भंगारात दिली नाही अजून.

९ ऑक्टोबर
पोथी वाचायला बसलो. लक्ष लागेना. उद्या काय बोलायचं तेच मनात. गावच्या शाळेत पाढे चुकले की गुरुजी फळ्यापुढे उभं करायचे.

१० ऑक्टोबर, खंडेनवमी
आरती झाल्यावर, कडलेपुरी, म्हणजे चुरमुरे-डाळ्यांचा प्रसाद, वाटायच्या आधी, जुनी पेटी गाडीतून उतरवून दुकानात मधोमध पालथी केली. भोकात हात घालून दाखवला. म्हणालो, "हत्यारं इथून गेली. परसूनं नेली नाहीत. त्यानं सांगितलं होतं, मी बघितलं नाही. त्याचं नाव मी खराब केलं."
गिरीराजनं सगळ्यांदेखत दाराशी उभ्या परसूला विचारलं, "परसू, सोमवारपासून येतोस माझ्याकडे?"
परसूनं माझ्याकडे बघितलं. "सरी ना, अण्णा?"
मी सरी म्हणालो.