तेविसावं शून्य

आदरणीय शौकतदादांस,

मन्सूऱ्याहून धाकट्या वहीदचा सलाम. तुमचा गुडघा आणि वहिनींची साखर, दोन्ही काबूत असोत. माझी साखर काबूतच आहे, कारण अकरा दिवस मला घरात कुणी चहा दिलेला नाही.

झालं असं. पोराचं, हातिमचं, लग्न ठरवायला हाजी बयूमींकडे गेलो आणि मुलीला घालायच्या सोन्यावर, शबक्यावर, बोलणं अडलं. माझ्याकडे काय, इनायतच्या बांगड्या, तीस ग्रॅम. (ती गेल्यापासून घरात चकाकणारी तेवढीच वस्तू, माझं टक्कल धरलं तर दोन.) हाजी पेंडीचे व्यापारी, पोत्यांत विचार करणारे. म्हणाले, "मास्तर, तीस? गल्ली हसेल हो! जरा भरघोस आकडा बोला."

बावीस वर्षं मी पोरांना अणूंच्या संख्येवरून वजन काढायला शिकवतोय. सोनं वाढवता येत नाही, पण मोजण्याची रीत बदलता येते. मी कागदावर शबका अणूंत लिहिला: नवावर बावीस शून्यं. हाजी बोटाने मोजू लागले, दहाव्या शून्याला दमले आणि "माशाल्ला!" म्हणाले. बायकांनी गजर केला, बोलणं पक्कं झालं म्हणून सगळ्यांनी फातिहा म्हटली. फातिहेनंतर शब्द फिरवणाऱ्याला या गावात मेल्यावर खांदासुद्धा मिळत नाही.

मग नवरीने, राजियाने, कागद वाचला. (माझीच विद्यार्थिनी. एक शून्य विसरली म्हणून हिला मी शून्य गुण दिले होते, वर भर वर्गात टोमणाही मारला होता.) म्हणाली, "सर, तेवीस आहेत." म्हणजे तीसचे तीनशे ग्रॅम! हाजी म्हणतात, शब्द तो शब्द. राजिया म्हणते, चूक कबूल करा, खोडते. बावीस वर्षांत कबूल केली नाही, ती आता करू? हातिम माझ्याशी बोलत नाही. लग्न मोडल्यातच जमा आहे.

तुमचा,
वहीद

ता. क. गुरुवारी या. थोरले म्हणून सर्वांसमोर सांगा की कागद तुम्ही लिहिला. तुम्ही गुरांचे डॉक्टर, तुम्हाला कोण हसणार?

आणखी ता. क. येऊ नका. आज सोनाराकडे बांगड्या अठ्ठावीस ग्रॅम भरल्या. सव्वीस वर्षं भांडी घासताना इनायतच्या हातावर दोन ग्रॅम झिजले. शुद्ध सोनं धरलं तर सहावर एकवीस शून्यं इतके अणू; तीनदा तपासलं. मला एकही जाताना दिसला नाही. तो हिशेब घेऊन राजियाकडे गेलो आणि चूक कबूल केली. तिने शून्य खोडलं, बांगड्या हातात चढवल्या आणि कागदाखाली लाल शाईने शेरा मारला: "उत्तर बरोबर. पायऱ्या दाखवल्या नाहीत. अर्धे गुण."