उजेडाच्या वाटेत आलेली बाही

थोरल्या,

दुकान सोडून शिकायला गेली म्हणून तू लेकीशी बोलणं टाकलंस. काल मी तिची प्रयोगशाळा बघून आले.

काळोख्या खोलीत तिनं मला स्टुलावर बसवलं. तिथं एका स्फटिकातून उजेडाचे कण जोडीनं निघतात. एक इकडे पडला की दुसरा तिकडे, बरोबर उलट बाजूच्या जागी. दोन्हीकडचे ठिपके जुळवले की पडद्यावर नक्षी उमटते.

"एकमेकांना निरोप धाडतात का गं?"

"नाही आजी. जन्मच एकत्र झालेला असतो त्यांचा."

बघायला वाकले, तर माझी बाही एका वाटेत आली. दुसरीकडे ठिपके पडतच होते, पण नक्षी पार बुजली.

"आजी, बाही! बाबांसारखी वाटेत नको येऊस!"

ओरडली, हसली, आणि मग माझी बाही स्वतःच दुमडून दिली. येत्या सोमवारी ती परदेशी चाललीय, कायमची. तुला कळवू नको म्हणाली.

पत्र टाकलं तर तू फोडणार नाहीस, मी ओळखून आहे तुला. म्हणून टाकत नाही, मीच घेऊन येते आणि तुला वाचून दाखवते. ऐकून झालं की दुकानाला कुलूप लाव आणि चपला घाल.

तुझी आई