दुपारी फोन करणारी शरयू

पुणे,
७ डिसेंबर २०२५

तीर्थस्वरूप आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

वर्ष सरत आलं की मी तुला कागदावर पत्र लिहिते, हा आपला जुना शिरस्ता. ऑफिसातली मुलं हसतात. लोकांचे कॉम्प्युटर चोरांपासून राखणारी बाई पोस्टाची पेटी शोधत फिरते, म्हणतात. त्यांना काय माहीत, मला बाराखडी वाटूरच्या बालवाडीत दुर्गाबाईंनी छडी दाखवून शिकवली, आणि आई गेल्यावर दहावीपर्यंत मी त्याच दुर्गाबाईंच्या, म्हणजे तुझ्याच, घरी वाढले.

बातमी अशी, की मी नोकरी सोडली. रागावू नकोस, आधी पुढचं वाच. नव्या वर्षात मी आणि माझी मैत्रीण तृप्ती जालन्यात स्वतःचं काम सुरू करतोय. एमआयडीसीतल्या कारखान्यांची कॉम्प्युटरवरची माहिती कुणी बाहेरून पळवू नये, त्यांचं काम कुणी बंद पाडू नये, याची राखण. पहिलं काम मिळालंसुद्धा, बियाण्यांच्या एका कारखान्याचं. तिथले व्यवस्थापक काकासाहेब मला 'बाळ' म्हणतात. मी पस्तिशीची आहे हे त्यांना सांगायचा धीर होत नाही.

गेल्या महिन्यात आमच्या धंद्यातल्या लोकांच्या रिवाजाप्रमाणे मी वर्षभराच्या आभारांचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकला. शिकवणाऱ्यांची नावं घेतली, चुका दाखवणाऱ्यांची घेतली, नव्या कामाचं सांगितलं आणि सगळ्यांत शेवटी तुझं नाव घेतलं. 'वाटूरची माझी आत्या' असं गावासकट म्हणाले. पुष्कळ लोकांनी पाहिला. तू तेवढी पाहणार नाहीस, म्हणून इथे लिहिते. मी जी काही झाले ती तुझ्यामुळे.

दिवाळीनंतर एकदाही फोन केला नाही, त्याबद्दल कान धरते. गुडघा कसा आहे? कापूस वेचायला बाया मिळाल्या का?

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी,
शरयू


वाटूर,
१२ डिसेंबर २०२५

चि. शरयूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. कापूस निम्मा वेचून झाला. गुडघा हाय तसाच हाय.

नोकरी सोडल्याचं नव्यानं काय सांगतेस? तूच तर फोनवर बोललीस. आणि दिवाळीनंतर फोन केला न्हाई म्हणे! रोज दुपारी करतेस की. भांडी घासून मी ओसरीवर टेकले, की वाजलाच. नवा नंबर घेतलास म्हणलीस, तो शेजारच्या मिथुननं तुझ्या नावानं लावून दिला. काल मी म्हणलं, तुझं पत्र आलं, तर तू म्हणलीस वाचून दाखव. दाखवलं. फोनचं वाक्य आलं तसं मी थांबले, तर हसून म्हणलीस, ते पत्र मी लई आधी लिहून ठेवल्तं.

खरं सांगू, या महिन्यात तू मला परत मिळालीस. पुण्याला गेल्यापासून तुझं बोलणं पेपरात छापल्यासारखं झाल्तं. आता पुन्हा 'काय करून राह्यलीस आत्या' म्हणतेस. मी मनात म्हणलं, पोरगी जालन्याला यायच्या आधीच जालन्याची झाली. आणि किती विचारतेस! तुझी पहिली शाळा, तुझ्या आईचं माहेरचं नाव, लहानपणी आम्ही तुला काय हाक मारायचो. मला सांगायला बरं वाटतं. इथं दुसरं कोण ऐकतं?

एकच खटकतं. जेवलीस का म्हणून विचारलं की गप होतेस. पाठीमागं पंख्यासारखी घरघर येत राहती. वेळेवर खात जा.

तुझ्या लोभाला उणं पडू नये, एवढंच देवाजवळ मागते.
तुझी आत्या


पुणे,
१६ डिसेंबर २०२५

तीर्थस्वरूप आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र उभ्यानं वाचलं, मग खाली बसले. लगेच फोन केला. तू म्हणालीस, अगं आत्ताच तर ठेवलास. मी समजावू लागले तशी तू घाबरलीस आणि फोन बंद केलास, तो पुन्हा उचललाच नाहीस. म्हणून लिहिते. फोनवर मी जे सांगेन ते तीही सांगू शकते. पण माझं अक्षर तू वळवलेलं आहेस. ते नीट बघ आणि मग विश्वास ठेव.

दुपारी फोन करणारी ती मी नाही.

आता असं तंत्र निघालं आहे, की कुणाचा थोडा आवाज मिळाला तरी तो दुसऱ्याला घालता येतो. तिकडे माणूस आपल्या आवाजात बोलतो, तुझ्या कानात माझा आवाज पडतो. आवाज बदलतो, बोली मात्र बोलणाऱ्याचीच राहते. म्हणजे तुझ्याशी बोलणारी कुणीतरी आपल्याच भागातली आहे. तुझ्याकडून तिला काही न्यायचं नाही. तिला माझं सगळं हवं आहे, म्हणजे तिच्या मागच्या लोकांना शरयू होऊन काकासाहेबांच्या कारखान्यात शिरता येईल. लोकांना सावध करणं हाच माझा धंदा. पण आभार मानायच्या भरात माझा आवाज, तुझं नाव, तुझं गाव मीच चव्हाट्यावर मांडून ठेवलं.

काल ऑफिसात कुणी हाक मारली, मी ओ दिली आणि माझ्याच आवाजाला दचकले. तो आत्ता कुठे कुठे बोलत असेल, असं वाटलं.

हातातलं काम सोपवल्याशिवाय मला इथून हलता येत नाही. सत्तावीसला जालन्यात येते. तोवर दुपारचा तो फोन उचलू नकोस. काही सांगायचं झालं तर कागदावर लिहून मिथुनजवळ दे.

रागाव, पण लोभ कमी करू नकोस.
तुझी (खरी),
शरयू


वाटूर,
२६ डिसेंबर २०२५

चि. शरयूस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर बघितलं. 'क्ष'चं पोट अजून तसंच फुगवतेस. तुझंच पत्र.

तिनं मला आधीच सांगून ठेवल्तं, की कुणीतरी माझ्या आवाजात फोन करील, ती चोर समज. म्हणून मी तुझा उचलला न्हाई. आपल्याच लेकराला चोर समजले मी. हे मनातून जाईना.

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस तिच्या फोनला हात लावला न्हाई. ओसरीवर वाजत राह्यचा. ती तू न्हाईस हे कळूनही, तूच दारात उभी राहून हाका मारून राह्यलीस असं वाटायचं. मंग मी उचलला. तू बोलशील मला, पण आधी ऐक.

ती आत्या म्हणली. मी म्हणलं, तू शरयू न्हाईस, मला कळलंय. तिकडून नुसती घरघर. मी म्हणलं, कुणाची का असंनास, जेवलीस का तेवढं सांग.

तर ती रडली. शरयू, तुझ्या आवाजात रडली गं. तुझी आई गेली तेव्हा तू रडल्तीस, बिलकुल तशी. मी फोन कानाला लावून बसले. मंग एकदम हळू, जल्दी जल्दी म्हणली, एक तारखेला काकासाहेबांना फोन जाणार हाय, कारखान्याचं समदं काम बंद पाडणार हायेत, शरयूताईला सांगा. आणि लगेच मोठ्यानं हसून म्हणली, बरं आत्या, गुडघ्याला तेल लाव हं. तिच्या मागं कुणीतरी येऊन उभं राह्यलं असणार.

मिथुन लोखंड भरायला जालन्याला टेम्पो घेऊन निघालाय. त्याच्याजवळ हे देते.

माझा जीव तुझ्यापाशी आणि आता थोडा तिच्यापाशीही.
तुझी आत्या


जालना,
३ जानेवारी २०२६

तीर्थस्वरूप आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वेळेवर पोचलं, म्हणून कारखाना वाचला.

एक तारखेला मी काकासाहेबांसमोर चहा घेत बसले होते. टेबलावरचा फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला. काकासाहेब, मी शरयू, जरा अडचण आलीय, असं मी बोलू लागले. आत्या, मी तोंड मिटून बसले होते आणि मी बोलत होते. माझी शाळा सांगितली, आईचं माहेर सांगितलं, तुम्ही मला 'ठकी' म्हणायचात तेही लाडानं सांगितलं, आणि मग कारखान्याच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड मागितला. भाषा मात्र कोरडी, शहरी. तुझ्याशी बोलणारी ती ही नव्हे. माझा आवाज त्यांच्याकडे कपड्यासारखा आहे, आज हिनं घालायचा, उद्या तिनं.

काकासाहेब म्हणाले, बाळ, शरयू तर माझ्यासमोर बसली आहे. फोन बंद झाला. मग मला म्हणाले, काहीतरी बोल. मी बोलले. त्यांची खात्री पटली असं मला काही वाटलं नाही.

पोलिसांत तक्रार दिली. फोन परदेशातून येतात म्हणाले. नोकरीच्या नावाखाली नेलेल्या मुलामुलींना तिकडे कोंडून ठेवतात आणि हे करून घेतात, असंही म्हणाले. तिला शोधायचं तर नाव हवं, गाव हवं. माझ्याकडे तिचा आवाजसुद्धा नाही, आहे तो माझाच. पुढच्या आठवड्यात मुंबईला मोठ्या अधिकाऱ्यांना भेटायला जाते आहे. तृप्ती म्हणते, आपल्या धंद्यात हे कुठे बसतं? मी म्हटलं, पहिलं काम हेच.

तिचा फोन आलाच, तर नाव विचार.

तुझ्या लोभाची आता फारच गरज आहे.
तुझी,
शरयू


वाटूर,
१६ जानेवारी २०२६

चि. शरयूस,
अनेक आशीर्वाद आणि उशिराचा तिळगूळ.

तू मुंबईत, तुझा फोन लागत न्हाई, आणि हे फोनवर बोलवणारही न्हाई. म्हणून सगळं बराबर लिहिते.

संक्रांतीच्या आधी तिचा फोन आला. या वेळी आत्या म्हणली न्हाई. आधी नुसता गलका. लई माणसं एका खोलीत बसल्यावानी, आणि जो तो कुणाला तरी हाक मारून राह्यला. आई, मी बोलतेय. मामा, मीच हाय. काकू, ओळखलं न्हाई का. जत्रेत चुकलेली लेकरं बोलतात तसं. मंग त्यातून एक बारीक आवाज वर आला, मी कधी न ऐकलेला. म्हणली, मी कल्याणी, टेंभुर्णीची, माझी आई नंदाबाई. तिला म्हणावं, अंतराला पाठवू नको. तेवढंच. फोन बंद.

मिथुनला म्हणलं, टेम्पो काढ. आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत नंदाबाईचं घर सापडायला वेळ लागला न्हाई. तिला सगळं सांगितलं तर ती हसली. म्हणली, माझी कल्याणी रोज फोन करती, परदेशात कंपनीत हाय, मजेत हाय. आता धाकट्या अंतरालाही तिनं बोलावून घेतलंय. ओसरीवर बॅग भरून ठेवल्ती. दुसऱ्या दिवशी गाडी येणार व्हती.

मी बसलेली असतानाच फोन वाजला. नंदाबाईनं मोठ्या आवाजात लावून मला ऐकवला. तोच बारीक आवाज गं, पण साफ, हसरा, कुठं अडखळत न्हाई. म्हणला, आई, कुणी बाई येऊन काही सांगील, तिचं ऐकू नको. मी समोर बसलेली! नंदाबाईनं माझ्याकडं असं बघितलं, जशी मीच तिची लेक पळवायला आले.

म्हणजे तिकडं त्यांना कळलं व्हतं, की कल्याणी माझ्याशी बोलली. पुढचा विचार मी करू शकले न्हाई.

वाद घालून उपयोग नव्हता. मी म्हणलं, माझं खोटं निघालं तर तुझ्या पाया पडीन, पण उद्याची गाडी जाईस्तोवर मला इथं बसू दे. तिनं जा म्हणलं. मी त्या बॅगेला टेकून बसले ते उठले न्हाई. दुसऱ्या दिवशी गाडी येऊन दारात हॉर्न वाजवत राह्यली. अंतरानं बॅग उचलली, उंबऱ्यापाशी थांबली. म्हणली, आई, मी ताईला कधीपासून म्हणून राह्यले, एकदा तोंड दाखव. ती दाखवत न्हाई. का न्हाई दाखवत? अंतरानं बॅग खाली ठेवली. गाडी लई वेळ थांबून गेली.

तेव्हापासून त्या घरी कल्याणीचा फोन आला न्हाई. मलाही न्हाई.

संक्रांतीला तिळाचे लाडू घेऊन मी परत गेल्ते. नंदाबाई मोबाईल मांडीवर घेऊन बसल्ती. लाडू घेतले, पण माझ्याकडं बघितलं न्हाई. लेक रोज बोलायची, ती माझ्यामुळं बंद झाली, असं तिचं म्हणणं. अंतरानं मात्र कल्याणीचा फोटो आणि पासपोर्टची झेरॉक्स तुझ्यासाठी दिली, ती सोबत हाय. आता तुझ्याजवळ नाव हाय, गाव हाय. त्या अधिकाऱ्यांना सोडू नकोस.

निघताना अंतरा मला फाट्यापर्यंत घालवायला आली. एसटी दिसली तेव्हा विचारलं, ताई खरंच बोलली तेव्हा आवाज कसा व्हता? मी म्हणलं, बारीक. नाक चोंदल्यावानी.

पोरगी जागच्या जागी थांबली. म्हणली, हां, ताईला दर थंडीत सर्दी होतेच. रोजच्या फोनवर मात्र एकदाही नव्हती.

मुंबईहून थेट इकडं ये. लोभ तर हाये, पण या वेळी तो समक्ष घेऊन ये.
तुझी आत्या