डॉक्टरांचा डावा कल्ला

ती. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (दोन महिन्यांपूर्वी लिहिलं असतं तर नुसता नमस्कार लिहावा लागला असता, कारण आठ अंगांपैकी निम्मी संपावर होती. आता सगळी कामावर रुजू झाली आहेत.) इकडे सगळे मजेत. तुझी तब्येत कशी आहे? भावजींचा खोकला गेला का, की अजून पाहुण्यांसारखा मुक्काम ठोकून आहे? तुझं पत्र पोचलं. यंदा ते छापील होतं. नातवाने प्रिंटर आणला म्हणून गंमत म्हणून टाइप करून घेतलं, असं तू लिहिलंस. छान दिसत होतं, वीजबिलासारखं. लहानपणी माझ्या एकेका वाकड्या अक्षराला अर्धा अर्धा मार्क कापणारी तू, तेव्हा जरा चुकल्यासारखं झालं, एवढंच. लेकीसाठी पाठवलेली अंगठीही मिळाली. ती म्हणते आत्याने एवढी आवडती अंगठी मला कशी दिली. मी म्हटलं, देणाऱ्याला असलं विचारू नये. असो. पत्र लिहिण्यास कारण की, काही विशेष कारण नाही. पाऊण तास दुकानात कोणी गिऱ्हाईक नाही आणि हात रिकामे आहेत.

तर या हातांचीच गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी मला संधिवात झाला हे तुला माहीत आहे, पण तो कसला हे मी नीट सांगितलं नव्हतं, कारण मलाच ते ऐकायचं नव्हतं. म्हातारपणी सांधे झिजतात तो वेगळा. हा दुसरा. यात शरीराचेच पहारेकरी घरच्या मालकाला चोर समजून बडवत सुटतात. सकाळी उठलं की बोटं लाकडासारखी. दोन-दोन तास मूठ वळायची नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण माझी झाकतच नव्हती, तर किंमत कोण करणार? शर्टाची बटणं तुझी भावजय लावून द्यायची, आणि लावता लावता बोलायची, म्हणजे दोन्हीकडून त्रास. बाबांनाही बहुधा हाच होता. त्या काळी सगळ्यालाच वात म्हणत आणि चोळायला तेल देत. तुला आठवतं ना, शेवटची दहा वर्षं बाबा दुकानातल्या बाकावर हातांवर नॅपकिन टाकून बसायचे आणि मी गिऱ्हाईक करत असताना नुसत्या तोंडाने हजामत शिकवायचे? बोटं कोणाला दिसू नयेत म्हणून तो नॅपकिन. ताई, खरं सांगतो, मला मरणाची एवढी भीती वाटली नाही जेवढी त्या बाकाची वाटली.

आता यात घोडं कुठे पेंड खात होतं ते ऐक. मला तपासणारे सांध्यांचे डॉक्टर हे आपल्याच दुकानाचे गिऱ्हाईक आहेत. दर तीन महिन्यांनी ते दवाखान्यात माझी बोटं दोन मिनिटं दाबतात, आणि दर महिन्याला मी दुकानात त्यांचं डोकं वीस मिनिटं धरतो. ज्या माणसाच्या कानाशी आपण वस्तरा नेतो, त्याला आपली बोटं वळत नाहीत हे कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि त्यात माझा धंदा. आयुष्यभर मी माणसांना नीटनेटकं करून बाहेर पाठवत आलो. मग माझे हात तसेच गबाळे कसे दाखवायचे? म्हणून तपासणीच्या दिवशी मी त्यांचीही तयारी करायचो. सकाळी गिझरच्या पाण्यात अर्धा तास, मग दुकानात दाढीचे गरम टॉवेल गुंडाळून अर्धा तास, मग तेल लावून चोळणं, आणि वर शेजारच्या शिंप्याकडून मागून आणलेली दुखण्याची एक गोळी (डॉक्टरांना न विचारता, हे तू करू नकोस). तपासणी असायची दुपारी बारा वाजता. तोवर हात असे गुलाबी आणि मऊ व्हायचे की कोणालाही वाटावं, हा माणूस लोणी विकतो. डॉक्टर विचारायचे, दहापैकी किती दुखतं? मी म्हणायचो दोन. (शून्य म्हटलं तर खोटं वाटतं, आणि एक म्हटलं तर उपकार केल्यासारखं.) रक्ताचा रिपोर्टही नेमका बऱ्यापैकी यायचा. ते म्हणायचे, छान. पुढच्या शनिवारी ते दुकानात येत, मी केस कापून मागे आरसा धरी, ते मान हलवून म्हणत, छान. असं दोन वर्षं आमचं छान चाललं होतं.

आणि इथेच अतिशहाणा त्याचा बैल रिकामा व्हायची वेळ आली. डॉक्टरांच्या विभागात एक संशोधन सुरू झालं. ज्यांचा आजार बराच काळ शांत आहे, त्यांची औषधं हळूहळू कमी करून बघायची, कोणाचं थोडक्यात भागतं ते शोधायचं. औषधं काही साधी नाहीत, तेव्हा विचार चांगलाच. आणि त्यात पहिलं नाव कोणाचं? तुझ्या भावाचं! आदर्श रुग्ण म्हणून. ताई, शाळेत मी कधी कशात पहिला आलो नाही हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे? मी आठवडाभर दुकानात असा मिरवत होतो की जणू संशोधन मीच करणार आणि डॉक्टर पाणी भरणार. शेवटी तुझी भावजय बटण लावता लावता एवढंच म्हणाली, की औषध घेऊन ही दशा आहे, कमी केल्यावर जेवणही भरवावं लागेल का, ते आताच सांगा. माझं मिरवणं तिथेच थांबलं. कारण तिचं बरोबर होतं. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागणार, आणि हो म्हणायचं तर समोर तो बाक दिसत होता. मी मनाशी ठरवलं, संशोधनाआधीची तपासणी तर होऊ दे, पुढचं पुढे.

ती तपासणी निघाली सकाळी आठची! वर सूचना होती की दुखण्याची कसलीही गोळी घेऊन येऊ नये. म्हणून मी पहाटे पाचला उठलो, तर गिझर बंद. तुझी भावजय अंथरुणातूनच म्हणाली, बिघडलाय. म्हटलं ठीक, दुकानात टॉवेल आहेत. गेलो, तर शटरच्या कुलुपात किल्ली फिरेना. किल्ली फिरवायला बोटं मोकळी हवीत, बोटं मोकळी व्हायला टॉवेल हवेत, आणि टॉवेल कुलपाच्या आत. पाऊण तास मी स्वतःच्याच दुकानासमोर चोरासारखा खटपट करत होतो. दूधवाल्याने तर सायकलवरून उतरून मला नीट ओळखून घेतलं आणि मगच पुढे गेला. कुलूप उघडून देतोस का, एवढं त्याला विचारायला काय झालं होतं? पण नाही. चाळीस वर्षांचं दुकान, आणि मालकाला उघडता येत नाही, हे गावभर व्हायला नको. शेवटी तसाच, दोन्ही हात काखेत घालून, दवाखान्यात गेलो.

तिथे दोन शिकाऊ डॉक्टरांनी वेगवेगळं बसून माझे सांधे मोजले. एकाचे सुजलेले नऊ भरले, दुसरीचे चौदा. दोघांची जुंपली. मग आपले डॉक्टर आले, त्यांनी अकरा मोजले आणि चष्मा काढून परत मोजले. मी म्हटलं, आज हवा गार आहे. त्यांच्या नेहमीच्या यादीत अठ्ठावीस सांधे असतात, आणि त्यात पावलं नसतात म्हणे. (या एका गोष्टीसाठी मी दोन वर्षं त्या यादीचा ऋणी होतो.) पण तिथली एक नर्स आहे, तिला मी मनातल्या मनात फौजदार म्हणतो. तिने माझ्या बुटांकडे पाहिलं. ते नेहमीपेक्षा दोन नंबर मोठे होते. म्हणाली, मोजे काढा. मी म्हटलं, पायांचं काय काम? ती म्हणाली, चालत आलात ना? काढले. तिने पावलाच्या बोटांची मुळं दोन्ही बाजूंनी धरून हलकेच दाबली, आणि मी अशी बोंब ठोकली की शेजारच्या खोलीतला रुग्ण विनाकारण घाबरून उठून आला.

मग पोटातलं बाळ बघतात तसलं यंत्र त्यांनी माझ्या मनगटावर आणि पावलांवर फिरवलं. पडद्यावर लाल लाल ठिपके. ज्या सांध्यांना दोन वर्षं छान छान म्हणत होतो, ते आतून धुमसत होते. कोंबडं झाकलं म्हणून काही तांबडं फुटायचं राहत नाही. मला वाटलं संपलं, हाडं गेली, आता नॅपकिन शोधा. आणि ताई, या वयात, त्या फौजदारणीच्या देखत, मला रडू आलं. मी सगळं ओकून टाकलं: गिझर, टॉवेल, तेल, शिंप्याची गोळी, दहापैकी दोन, बाबांचा बाकसुद्धा. डॉक्टर ऐकत राहिले. मग त्यांनी हळूच आपल्या डाव्या कानापाशी हात नेला आणि म्हणाले, "सहा महिने झाले, माझा हा कल्ला वर वर सरकतोय. बायको म्हणते, न्हावी बदला." मी पाहिलं. ताई, डावा कल्ला उजव्यापेक्षा बोटभर वर! माझ्याच हातचा! मी विचारलं, मग सांगितलं का नाहीत? तर म्हणतात, "तुम्हाला वाईट वाटलं असतं."

म्हणजे बघ, मी त्यांना बरं वाटावं म्हणून दुखणं लपवत होतो, आणि त्यांच्या डोक्यावर माझं दुखणं महिन्याच्या महिन्याला लिहिलं जात होतं, तरी मला बरं वाटावं म्हणून ते आरशात बघून मान हलवत होते. फौजदारणीने मग आम्हा दोघांचीही बिनपाण्याने केली. त्यांचीही! मी तर आयुष्यात एवढी सफाईदार हजामत पाहिली नाही. म्हणाली, शिकलेल्या माणसाला आणि शहाण्या माणसाला एका खोलीत ठेवू नये.

पण हाडं शाबूत आहेत! एक्सरे काढला, अजून चरा पडलेला नाही. हे ऐकलं आणि माझा जीव भांड्यात पडला. बाहेर बाकावर माझ्या मागोमाग आलेली तुझी भावजय बसली होती, तिला मी तिथेच सांगितलं, तर ती म्हणाली, बरं झालं, आता गिझर चालू करायला हरकत नाही. (तो बिघडला नव्हताच. बाईने पस्तीस वर्षांत मला एकच थाप मारली, आणि तीही औषधासारखी लागू पडली.) संशोधनातून माझं नाव कटलं, औषध कमी व्हायच्या ऐवजी बदललं, आणि आज दहा आठवडे झाले. सकाळची लाकडं पंधरा मिनिटांत मोडतात. बटणं मी लावतो. भावजयीचं बोलणं मात्र चालूच आहे, त्यावर अजून संशोधन झालेलं दिसत नाही. गेल्या शनिवारी डॉक्टरांचे दोन्ही कल्ले मी पट्टी लावल्यासारखे सारखे केले. आरसा धरला, त्यांनी पाहिलं, आणि छान न म्हणता म्हणाले, मागे उजवीकडे एक केस राहिलाय. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

शिवाय आता त्यांनी मला एका बैठकीला बोलावलं. हल्ली संशोधन ठरवताना रुग्णांनाही विचारतात म्हणे, आम्ही काय विचारायला विसरतो ते सांगा. मोठमोठे डॉक्टर गोल टेबलाभोवती, मध्ये बिस्किटं, आणि मी. मी म्हटलं, साहेब, कागदावर अजून एक ओळ घाला: आज इथे येण्याआधी हातांना काय काय केलंत? सगळे हसले, आणि मग सगळ्यांनी लिहून घेतलं. ती ओळ आता फॉर्मवर आहे, चौथ्या नंबरला. त्याखाली माझं नाव नाही, पण तू ओळखशील.

भावजींना नमस्कार, नातवाला आशीर्वाद, प्रिंटरला विश्रांती.

तुझा,
बारक्या (वय वर्षे अठ्ठावन्न)

ता. क. : हे पत्र आठ पानी आहे आणि सगळं एकटाकी माझ्या हाताने लिहिलेलं आहे. हवं तर तपासून मार्क दे.

ता. क. दुसरा : वर 'काही विशेष कारण नाही' लिहिलंय ते खोड. नातवाच्या वाढदिवसाचा फोटो पाहिला. चहाचा कप तू दोन्ही तळव्यांत धरला आहेस, बोटं न वळवता. बाबा तसाच धरायचे. अंगठी तू हौसेने दिली नाहीस, ती पेरावरून जात नाही म्हणून दिलीस. आणि प्रिंटरचं मला सांगू नकोस. मी गरम टॉवेलवाला आहे, मला दुसऱ्याचे टॉवेल ओळखू येतात. डॉक्टर म्हणतात हे घराण्यात येऊ शकतं, येईलच असं नाही, पण पहिल्या काही महिन्यांत गाठलं तर बाबांसारखं होऊ देत नाहीत. माझ्यासारखी दोन वर्षं घालवू नकोस, मला माझी नाही एवढी तुझी काळजी वाटते. पुढच्या मंगळवारी सकाळी आठला तुझं नाव लावलंय. सोमवारी ये. गिझर बिघडवून ठेवायची जबाबदारी तुझ्या भावजयीने घेतली आहे.

ता. क. शेवटचा : येतेस की नाही ते लगेच कळव, आणि हाताने लिहून कळव. दोन शब्द पुरेत. अक्षर कितीही वाकडं आलं तरी मी अर्धा मार्कही कापणार नाही.